सीट कुणी हलवू नये

८ जानेवारी

चि. ठेंगणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राच्या पहिल्याच ओळीला अडले होते. पूर्वी ‘चि. सौ.’ लिहिलं की हात पुढे आपोआप चालायचा. आता ‘सौ.’ लिहवत नाही, आणि नुसतं ‘चि.’ लिहिलं की पुढची जागा रिकामी दिसते. म्हणून तो तुला हाक मारायचा तीच लिहिली. रागावू नकोस. तुझ्याइतकीच ठेंगणी मीही आहे, तेव्हा म्हणायचा हक्क आहे मला.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर तू ‘जेवलात का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसतो. त्यापेक्षा हे बरं.

विषय गाडीचा आहे. आपल्या इमारतीच्या तळघरात खालून पाणी झिरपतंय, म्हणून सगळी जमीन उखडणार आहेत. मार्चअखेर सगळ्यांनी गाड्या बाहेर काढायच्या, असं सेक्रेटरी दारोदार सांगून गेले. मी किल्ली घेऊन खाली गेले, बटण दाबलं. पूर्वी कशी लगेच डोळे मिचकावून ओ द्यायची. आता काही नाही. चारदा दाबलं. शेवटी वॉचमन म्हणाला, राहू द्या, ती झोपली नाही, गेली.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. शिडीसारखा उंच माणूस आहे, आपल्या तळघरात मान वाकडी करूनच उभा राहतो. त्याने प्लास्टिकच्या किल्लीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली काढली. माझा मुलगा गेल्यापासून दीड वर्ष ती किल्ली माझ्या कपाटात आहे, आणि तिच्या पोटात आणखी एक आहे याचा मला पत्ता नव्हता.

दार उघडून त्याने समजावलं. म्हणाला, “आजी, या गाडीला दोन बॅटऱ्या. मोठी मागच्या सीटखाली, ती ठणठणीत असेल. पण तिला जागं करायला एक छोटी लागते. गाडी उभी राहिली की छोटी हळूहळू उतरते. ती संपली की मोठी असून नसल्यासारखी.” छोटी आहे डिकीत, आणि डिकी उघडते विजेवर. मग हा बाबा मागची सीट आडवी पाडून सरपटत आत शिरला. बाहेर नुसते पाय. मला हसू आलं. आणि त्या गाडीपाशी हसले म्हणून लगेच कसंसंच झालं.

नवी बॅटरी तासाभरात बसते म्हणे. फक्त एक म्हणाला, की गाडी सगळं विसरेल. घड्याळ, रेडिओ, आणि सीटची ती दोन बटणं. एक त्याचं, दोन तुझं, दाबलं की सीट ज्याच्या त्याच्या मापाला सरकायची. त्या बटणांसाठीच तर त्याने ही गाडी घेतली. तू चालवून आलीस की सीट पार पुढे, आणि मग हा ताडमाड बसायला गेला की गुडघे स्टिअरिंगवर. ‘ठेंगणे, फोडलेस गुडघे’ हे ओरडणं वर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं.

गॅरेजवाल्याला म्हटलं, सुनेला विचारून सांगते. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझी,
आई


२१ जानेवारी

ती. आई,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं. ‘ठेंगणी’ वाचून आधी पाकीट बंद केलं आणि कामाला गेले. संध्याकाळी पुरतं वाचलं.

बॅटरी बदलून टाका. चूक माझीच आहे, निघताना तुम्हाला सांगायला हवं होतं की गाडी आठवड्यातून अर्धा तास तरी चालू ठेवावी लागते. ब्रेकवर पाय, बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की झालं. आवाज येत नाही. ‘मुकी आहे का ही’ असं तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं होतं, आठवतं?

बटणांची काळजी करू नका. ती परत लावता येतात.

आणि खरं सांगू का, ती विकूनच टाकावी असं मला वाटतं. मी इथून ती न्यायला येणार नाही. तुम्ही चालवत नाही. नुसती उभी राहून तिचं एकेक बिघडत जाणार.

इथे सगळं ठीक. खोली लाँड्रीच्या वर आहे, त्यामुळे थंडीत फरशी कोमट असते, तेवढं सुख. प्रयोगशाळेत दिवसभर कवळ्या घडवते. काल एका आजोबांनी त्यांची परत पाठवली, ‘यातले दात माझ्यापेक्षा तरुण दिसतात’ अशी तक्रार. आम्ही दोन दात मुद्दाम जरा पिवळे केले. तुमची कवळी टोचत होती, ती नीट करून घेतलीत का?

तुमची,
मी


४ फेब्रुवारी

चि. ठेंगणीस,
आशीर्वाद.

कवळी टोचत नाही. तुझं पत्र टोचलं.

विकून टाका म्हणणं सोपं आहे. तू सगळं व्यवस्थित लिहिलंस, ब्रेक, बटण, हिरवा दिवा. ज्याच्याबद्दल मी लिहिलं होतं त्याचं एका ओळीत संपवलंस. बटणं परत लावता येतात. कुणाच्या मापाने लावायची ते सांग.

गॅरेजवाला भला आहे. त्याने एक युक्ती सांगितली होती. जुनी बॅटरी काढायच्या आधीच शेजारी दुसरी जोडून ठेवायची, मग जुनी काढायची. म्हणजे वीज क्षणभरही तुटत नाही आणि गाडी काही विसरत नाही. मला इतकं बरं वाटलं. त्याला परत बोलावलं. त्याने तारा लावून बघितलं आणि म्हणाला, “आजी, ही नुसती उतरलेली नाही, कधीच संपली. जे जायचं ते तेव्हाच गेलं.” म्हणजे मी जानेवारीभर जे जपत होते ते आधीच गेलेलं होतं.

पण मग तोच म्हणाला की सीट मात्र जागची हलणार नाही. ती विजेवर सरकते. वीज नाही तोवर कुणी हलवू म्हटलं तरी हलायची नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बटणं विसरली तर विसरू देत, सीट तर आहे. तो शेवटचा उठला तेव्हा होती तशी. आणि ही मेलेली बॅटरीच तिला राखते आहे. म्हणून मी ठरवलंय, बॅटरी बदलायची नाही.

तुला हसू येईल, पण मी रोज संध्याकाळी खाली जाऊन त्या सीटवर बसते. पहिल्या दिवशी भीत भीत पाय पुढे केले, तर नेमके पेडलवर. नेमके म्हणजे अगदी बेतून दिल्यासारखे. मी चाट पडले. माझं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलं. त्याच्या पँटी कॉलेजपर्यंत मीच शिवल्या, पायाची लांबी मला पाठ आहे, दरवर्षी दुमड उसवावी लागायची. तो त्याच्या बाबांवर गेला असंच मी धरून चालले होते. पण उभ्या माणसाचं माप वेगळं आणि बसलेल्याचं वेगळं. बसला की तो माझा होता तर. हे मला आत्ता कळलं, तो नसताना.

तो गेला त्या दिवशी मी धाकट्या बहिणीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, दारात अँब्युलन्स उभी होती. म्हणजे दवाखान्यात नेताना त्याला दुसऱ्यांनी उचललं, दुसऱ्यांनी निजवलं. आपल्या पायांनी तो शेवटचा उठला तो आदल्या संध्याकाळी, कामावरून आल्यावर, या सीटवरून. मला तेवढं असू दे.

तुझी,
आई


२० फेब्रुवारी

ती. आई,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काम फार होतं.

तुम्ही म्हणता तसं राहू दे. विकायचं मी पुन्हा बोलणार नाही.

एक विचारू? तुम्ही सीटवर बसता तेव्हा पाय चपला घालून पोचतात की अनवाणी? सहज विचारलं.

तळघर गार असतं. शाल घेऊन जात जा.

तुमची,
मी


९ मार्च

चि. ठेंगणीस,
आशीर्वाद.

अनवाणी. चपला मी गाडीबाहेर काढून ठेवते. आणि तू ‘सहज’ लिहितेस तेव्हा काही सहज नसतं, एवढं तुला ओळखते. काय आहे ते लिही.

इकडे माझी शोभा झाली. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगते. गुरुवारी सेक्रेटरींनी ओढून नेणाऱ्या गाडीवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, वीज नसल्यामुळे हिची चाकं अडकलेली आहेत, ओढता येणार नाही. आधी सीट, गालिचे सगळं मोकळं करून खाली हात घालू, चाकं सोडवता आली तर बघू. एक जण पाना घेऊन दाराशी आला. म्हणाला, ही सीट बोल्ट काढून बाहेर घ्यावी लागेल.

मी जाऊन सीटवर बसले. दार लावून घेतलं.

सेक्रेटरी काचेवर टकटक करत होते. “आजी, असं काय करता.” कुणीतरी म्हणालं, लेकीला फोन करा यांच्या. कुणीतरी म्हणालं, लेक नाही, सून आहे, ती नसते इथे. मी समोर बघत बसले. माणसं जमली होती, लहान पोरंसुद्धा. वॉचमनने त्यांना पांगवलं. शेवटी ते पानावाले कंटाळून गेले. महिनाअखेरीपर्यंत मुदत आहे.

मी वेडी नाही. मला माहीत आहे ते फोम आणि कापड आहे, आणि कापडही हलक्या प्रतीचं, शिवण तर बघवत नाही. पण त्याचे कपडे वाटून झाले. त्याच्या अंथरुणाच्या चादरी मी येण्याआधीच कुणीतरी धुतल्या. ही एकच गोष्ट कुणी नीटनेटकी केलेली नाही. ती तशीच राहायला मी भांडले तर माझं काय चुकलं?

तुझी,
आई


१५ मार्च

ती. आई,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. दर वेळी नमस्कारापर्यंत येऊन थांबले, म्हणून या वेळी नमस्कार शेवटी करते.

ती सीट त्याच्या मापाची नाही. माझ्या मापाची आहे.

त्या दिवशी मी अँब्युलन्स बोलावली होती. ती येईना. तो जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाला, आपणच निघू या, मी चालवतो. मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. तो शेजारच्या सीटवर बसला, खालचा दांडा ओढून सीट मागे ढकलली आणि पाय लांब केले. मी बसले तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. आदल्या दिवशी तो बसला होता ना. मी दोन नंबर दाबलं. ती सीट किती सावकाश सरकते तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही नेहमी मागे बसायचात. कुणाची घाई तिला कळत नाही. घूंऽऽ करत ती पुढे येत होती आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून वाट बघत होते. तो डोळे मिटून म्हणाला, “चला, आज तरी माझे गुडघे वाचले.”

रस्ताभर पुढे काही बोलला नाही. दवाखान्यातही नाही.

आई, ते त्याचं शेवटचं बोलणं. लोक विचारायचे, काही म्हणाला का. मी नाही म्हणायचे. हे कसं सांगणार? ऐकणाऱ्याला हसू आलं असतं आणि मग तो माणूस ओशाळला असता, आणि मला त्याची समजूत काढत बसावं लागलं असतं.

शेजारच्या वहिनींनी पाहिली ती अँब्युलन्स आम्ही निघून गेल्यावर आली. रिकामी आली, रिकामी गेली. संध्याकाळी माझा भाऊ शववाहिकेत त्याच्याबरोबर बसला आणि गाडी मी एकटीने घरी आणली. सीट होती तशीच होती. तळघरात लावली, उतरले, आणि किल्ली तुमच्या कपाटात ठेवली. त्यानंतर मी त्या गाडीला हात लावलेला नाही.

‘पाय नेमके पोचले’ हे तुम्ही लिहिलंत तेव्हाच मला कळलं. माझ्या पायजम्याचं माप तुम्ही कधी टेपने घेतलं नाहीत. स्वतःच्याच पायाला कापड लावायचात आणि म्हणायचात, तू आणि मी एकच. तुम्ही इतक्या आनंदाने लिहिलं होतंत, बसला की तो माझा होता. ते मी कसं खोडणार? म्हणून गप्प राहिले. पण तुम्ही दार लावून बसलात, माणसं काचेतून बघत राहिली, आणि हे सगळं माझ्या जागेसाठी, हे वाचल्यावर गप्प राहवेना.

आता तुम्हाला हवं ते करा. पाना लावला तरी चालेल.

नमस्कार करते.

तुमची,
मी


३ एप्रिल

चि. ठेंगणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. फोन उचलला नाही त्याचा राग धरू नकोस. सुरुवातीला मी तुझ्यावर चिडले होते. कशाबद्दल, ते मलाही सांगता येत नव्हतं. तू काही केलं नव्हतंस, त्यामुळे जास्तच चिडले. खाली जाणं बंद केलं. मापात चुकले याचाही राग होता. गिऱ्हाइकाच्या नुसत्या चालीवरून कंबर सांगणारी बाई मी, आणि स्वतःच्या मुलाचे पाय ओळखता आले नाहीत.

मग एका दुपारी गेले. चपला बाहेर काढल्या, पण तुझ्या सीटवर बसले नाही. पलीकडून जाऊन शेजारच्या सीटवर बसले. तू पत्रात दांड्याचं लिहिलं होतंस, ते तू सहज लिहून गेलीस, पण मी तिथेच अडकले होते.

ती सीट इतकी मागे आहे की माझे पाय कुठेच टेकले नाहीत. शाळेतल्या मुलीसारखे अधांतरी लोंबत राहिले. हे त्याचं माप. हे बघितल्या बघितल्या ओळखता येतं, यात कुणाची चूक व्हायची नाही. तिला बटण नाही, वीज नाही, हाताने ओढायचा दांडा आहे. बॅटरी मेली काय आणि नवी बसवली काय, तिला फरक पडत नाही. इतके दिवस मी तिच्याकडे पाठ करून शेजारी बसत होते.

तिथे मी पुष्कळ रडले. मग ते गुडघ्यांचं आठवलं आणि हसू आलं. तू म्हणालीस तसं मी ओशाळले नाही. मला सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला निरोप दिला. तो परत तसाच सरपटत डिकीत शिरला. छोटी बॅटरी केवढी असते म्हणशील तर बुटांच्या खोक्याएवढी, उचलायला मात्र जड. नवी जोडली तेव्हा गाडीने एकदम सगळे दिवे लावले आणि आम्ही दोघं दचकलो. घड्याळात भलतीच वेळ होती, ती त्याने नीट केली. मग विचारलं, सीटची बटणं लावून देऊ का. मी म्हटलं, आहे तशी सीट दोनवर लाव. लावली. एक नंबर मी स्वतः दाबून पाहिलं. काही झालं नाही. तो म्हणाला, त्यावर काही नाही आजी, रिकामं आहे. म्हटलं, असू दे.

दर आठवड्याला अर्धा तास चालू ठेवायची, ते आता मी करते. ब्रेकपर्यंत माझा पाय पोचतो, हे तर ठरलंच. काल पहिल्यांदा केलं. हिरवा दिवा लागला, आवाज काही नाही. मुकी ती मुकीच.

गाडी बाहेर काढायच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. चालवायला गॅरेजवालाच होता. त्याला आधीच बजावलं, सीट हलवायची नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं, आणि स्वतःची घडी घालून आत बसला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना कानापर्यंत आलेले. वळणावर हात फिरवायलासुद्धा जागा नव्हती. सेक्रेटरी बघत उभे होते, पण हसले नाहीत.

त्याने हत्यारांची पेटी शेजारच्या सीटवर ठेवायला हात पुढे केला, तर मी म्हटलं, तिथे नको, ती माझ्या मांडीवर दे. मी मागे बसले होते, नेहमीसारखी, पण या वेळी त्या सीटच्या बरोबर मागे.

चढावर आल्यावर तो म्हणाला, “एवढं पुढे कोण बसतं हो इथे?”

मी म्हटलं, “माझी सून.”

त्याने आरशातून बघितलं. ती पुढची सीट इतकी मागे आहे की माझे गुडघे तिच्या पाठीत रुतले होते, आणि वरून मांडीवर लोखंडाची पेटी. म्हणाला, “आजी, ही सीट जरा पुढे घेऊ का? गुडघे दुखतील तुमचे.”

मी म्हटलं, दुखू देत.

तुझी,
आई